मागच्या सीटसाठी एक पायरी

"ती नीट धरून बसली नव्हती."

दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या हे वाक्य मी चार जणांच्या तोंडून ऐकलं. नवऱ्यानं सांगितलं, दिरानं सांगितलं, बघायला आलेल्या पाहुण्यांनीही माना डोलावल्या. आत गेले तर कॉटवर पडलेली तीसुद्धा तेच म्हणाली, "माझंच चुकलं ताई. म्या नीट धरलं नव्हतं."

आमच्या बचत गटातली ही मैत्रीण. नाव सांगत नाही, कारण नाव कुठलंही घाला, गोष्ट तीच राहते. चतुर्थीला दोघं नवरा-बायको मोटारसायकलवर राजूरच्या गणपतीला गेली होती. जालन्याहून राजूर साधारण पंचवीस किलोमीटर. दर्शन झालं, प्रसाद घेतला, परत निघाली. वाटेत एका वस्तीजवळ ब्रेकर आला. त्यावर पांढरे पट्टे नव्हते, वर दिवेलागणीची वेळ. गाडी उडाली आणि आपटली. नवरा गाडीसकट पुढं गेला, ही मागंच रस्त्यावर पडली. त्याला कळलं ते बरंच अंतर गेल्यावर, कुणीतरी पाठीमागून ओरडलं तेव्हा. डोक्याला टाके आणि उजव्या मनगटाला प्लॅस्टर.

घरी येताना मी विचार करत होते. साडीत बसलेली बाई, दोन्ही पाय एकाच बाजूला. एका हातात प्रसादाची पिशवी, दुसऱ्या हातानं पदर सांभाळायचा. तिनं धरायचं कशाला, आणि कोणत्या हातानं? पण मला खरी टोचणी वेगळीच होती. ब्रेकरवर गाडी आपटल्याचा जो 'ठण्ण' आवाज ती सांगत होती, तो मला ओळखीचा होता. बावीस वर्षं मी आमच्या ह्यांच्या मागं बसते आहे. तो आवाज आमच्या गाडीलाही येतो. आवाज आला की माझ्या कंबरेतून कळ निघते, आणि हे पुढून विचारतात, "काय गं, बसली ना नीट?"

बसलेच आहे हो, बावीस वर्षं!

दोष गाडीत आहे का?

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "अहो, गाडीचे मागचे शॉकअप दाखवून आणा." हे म्हणाले, "मला तर काही जाणवत नाही." खरंच होतं ते. पुढं बसणाऱ्याला जाणवतं कमी, कारण तो दोन्ही चाकांच्या मधोमध असतो. मागं बसणारी जवळपास मागच्या चाकावर बसलेली असते. खड्ड्याचा पहिला धक्का चाकाला, दुसरा तिला.

तरी गाडी एका गॅरेजात नेली. मिस्त्रीनं सीटवर एकदा दाबून बघितलं आणि म्हणाला, "जोडी बदला वहिनी, दोन-अडीच हजार जातील." महिन्याची अखेर होती. मी म्हटलं, बघू.

आमच्या शेजारी एक काका राहतात. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची सगळी नोकरी गेली. तुम्हाला ठाऊकच असेल, बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि आपल्या मराठवाड्यातल्या किती घरांच्या चुली त्या वसाहतीवर पेटल्या. शॉकअप बनवणारी एन्ड्युरन्स कंपनीही तिथलीच. म्हणजे देशभरातल्या बायका ज्या स्प्रिंगांवर बसून फिरतात, त्यातल्या कितीतरी आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून जातात. आणि आपल्यालाच त्यातलं काही माहीत नसतं!

काकांनी गाडी डबल स्टँडवर लावायला सांगितली. मग स्वतः न वाकता मला म्हणाले, "खाली बस आणि शॉकअपच्या खालच्या टोकाला बघ. काय दिसतं?"

मी बसले. दिसला तो चिखल. काळ्या मातीचा वाळून दगड झालेला थर. बोटानं खरवडला तेव्हा खाली लोखंडाचं एक कडं दिसलं. कड्याची कड सरळ नव्हती, जिन्यासारखी होती. पायरी, पायरी, पायरी.

"पाच पायऱ्या आहेत," काका म्हणाले. "तुमचं कडं पहिल्या पायरीवर आहे. गाडी घेतल्यापासून कुणी फिरवलेलंच नाही. पहिली पायरी एकट्या माणसासाठी असते. मागं कुणी बसलं, सामान आलं, की कडं वर चढवायचं."

मी विचारलं, "मग नऊ वर्षं ही गाडी कुणासाठी लावलेली होती?"

काका हसले. "एकट्यासाठी."

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला हसू आलं नाही. गाडी बनवणाऱ्यांनी मागं बसणाऱ्या माणसाचा विचार केला होता. त्याच्यासाठी वेगळ्या पायऱ्या ठेवल्या होत्या. त्या चढवायला लागणारा पानाही गाडीबरोबर दिला होता. विचार केला नव्हता तो आम्ही घरातल्यांनी. आणि त्यात मीही आलेच.

शिलाई मशीनचा ताण आठवा

हे कडं करतं तरी काय? ह्याला प्रीलोड ॲडजस्टर म्हणतात. नाव जड आहे, पण काम आपल्या ओळखीचं आहे. शिलाई मशीनवर दोऱ्याचा ताण कमी-जास्त करायची गोल चकती असते ना? ती आवळली की आतली छोटी स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि दोरा घट्ट येतो. स्प्रिंग तीच राहते, फक्त तिची सुरुवात घट्ट होते. शॉकअपचं कडंही हेच करतं. ते वरच्या पायरीवर चढलं की स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहते. मग दोन माणसं बसली तरी गाडी मागून एकदम खाली बसत नाही.

खाली बसली तर काय होतं? स्प्रिंगला दबायला ठरावीक जागा असते. दोघांच्या वजनानंच ती जागा संपत आली, तर खड्डा किंवा ब्रेकर आला की उरलेली थोडी जागा क्षणात संपते. आत रबराचा ठोकळा असतो, त्यावर सगळं आदळतं. तोच तो 'ठण्ण'. त्या क्षणी शॉकअप असून नसल्यासारखा होतो आणि चाकाचा धक्का सरळ सीटला लागतो. मागं बसलेली बाई सीटवरून उचलली जाते.

माझा विश्वास आकड्यांवर. लेकीला बोलावलं, शिवणाच्या डब्यातला टेप काढला. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक मोकळं. चाकाच्या आसाच्या नटापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत ४७ सेंटिमीटर भरले. मग गाडी स्टँडवरून काढली आणि ह्यांना एकट्यांना बसवलं. ४४. मग मीही मागं बसले. लेक वाकून म्हणाली, "आई, ४१." काकांच्या अंदाजानं आमच्या गाडीच्या मागच्या चाकाची एकूण हालचाल ८ सेंटिमीटर. म्हणजे आम्ही दोघं नुसते बसलो तरी ६ सेंटिमीटर संपले. खड्ड्यासाठी उरले फक्त २. आणि आपल्याकडचे खड्डे काय २ सेंटिमीटरचे असतात?

कडं हलेना

काकांनी टूलकिट आणायला सांगितलं. बाजूच्या पत्र्याआडची ती पिशवी मी आयुष्यात पहिल्यांदा उघडली. त्यात एक वाकड्या चोचीचा पाना होता, कोयत्यासारखा. कोराच. हाच तो हुक पाना. त्याची चोच कड्याच्या खाचेत बसवायची आणि फिरवायचं.

फिरवलं. कडं तसूभरही हललं नाही. नऊ पावसाळे, काळी माती, धुण्याचं पाणी आणि गंज. आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी आत शिरते आणि वाळली की सिमेंटासारखी धरते. शेतात भेगा पाडणारी माती ती, एका कड्याला काय सोडते?

मी परत गॅरेजात विचारलं तेव्हा पोऱ्यानं छन्नी-हातोडी उचलली. मी म्हटलं, राहू दे बाबा. खाचेची कड तुटली तर पाना कुठं बसणार? घरी आले आणि ठरवलं, हे आपणच करायचं. डब्याचं घट्ट बसलेलं झाकण, जळकी कढई, कुकरची अडकलेली शिट्टी, हे सगळं बायकाच सोडवतात. त्यांना हातोडी लागत नाही, धीर लागतो.

हे म्हणाले, "गाडीला हात लावू नकोस, काहीतरी बिघडवून ठेवशील." आत्याबाई आतून म्हणाल्या, "लावू दे की. मागं तीच बसती ना?" सासू अशी असावी!

मी काय काय केलं ते क्रमानं सांगते. काका शेजारी खुर्ची टाकून बसले होते, हात मात्र माझेच होते.

आधी गाडी पूर्ण थंड होऊ दिली. उजव्या शॉकअपजवळून सायलेन्सर जातो, तापलेला असेल तर हात भाजतो. गाडी सपाट फरशीवर डबल स्टँडवर लावली. साइड स्टँडवर हे काम करायचंच नाही, गाडी अंगावर येते. दोन्ही कडी कोणत्या पायरीवर आहेत ते बघून लेकीच्या नेलपॉलिशनं तिथं खूण केली.

मग मग्ग्यानं पाणी घालून माती भिजवली आणि जुन्या टूथब्रशनं काढली. धुलाई सेंटरसारखा जोराचा फवारा जवळून मारायचा नाही, पाणी आत शिरतं. कोरड्या फडक्यानं पुसून तासभर वाळू दिलं. जिथं गंज होता तिथं तारेचा ब्रश हलक्या हातानं फिरवला, पण फक्त कड्यावर. शॉकअपमध्ये एक चकचकीत दांडी असते, तिला तारेचा ब्रश चुकूनही लावायचा नाही. तिच्यावर ओरखडा गेला की तेलाचं सील फाटतं आणि मग खरंच जोडी बदलावी लागते.

त्यानंतर मागच्या टायरवर आणि ब्रेकच्या ड्रमवर वर्तमानपत्र गुंडाळलं. हे विसरू नका. तेलाचा थेंब टायरवर किंवा ब्रेकमध्ये गेला तर गाडी घसरते, नाहीतर ब्रेक लागत नाही. गंज सोडवणारा स्प्रे हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पूर्वी आपण रॉकेल वापरायचो, आता ते सहज मिळत नाही. कड्याच्या आणि नळीच्या मधल्या फटीत थोडा स्प्रे मारला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पुन्हा थोडा मारला.

संध्याकाळी हातात जाड मोजे घालून हुक पाना लावला. पानाची चोच खाचेत पूर्ण बसली पाहिजे, अर्धवट बसली की निसटते आणि बोटांची सालटी निघतात. पाना आपल्याकडे ओढायचा, पुढं ढकलायचा नाही. ढकलताना निसटला तर हात सरळ लोखंडावर आपटतो. पहिल्या दिवशी हललं नाही. दुसऱ्या दिवशी डावीकडचं कडं करकर वाजलं आणि केसभर सरकलं. मैत्रिणींनो, दहावीच्या निकालाच्या दिवशी झाला नसेल एवढा आनंद मला त्या 'करकर'चा झाला! उजवीकडच्यानं मात्र चौथा दिवस घेतला.

कडं सुटल्यावर एकेक पायरी चढवत नेलं. पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. पहिलीवरून एकदम पाचवीवर उडी मारायची नाही, त्यानं शॉकअप खराब होऊ शकतो. वरच्या पायरीवर गेल्यावर खाली दडलेला भाग उघडा पडला. तिथली माती आणि गंज टूथब्रशनं काढला, पुसला, वाळवला. मग बोटावर थोडं ग्रीस घेऊन पायऱ्यांना पातळ हात दिला, भाकरीला तुपाचा देतो तसा. कडं दोन-तीनदा एकेक पायरीनं वर-खाली फिरवलं, म्हणजे ग्रीस सगळीकडे पोचतं. बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाकलं, नाहीतर त्याच्यावर धूळ बसून परत तेच. शेवटी दोन्ही बाजूची कडी चौथ्या पायरीवर आणली. दोन्हीकडं सारखंच हवं. एक चौथीवर आणि एक दुसरीवर असं राहिलं तर गाडीचा तोल बिघडतो.

परत दोघं बसलो, लेकीनं टेप लावला. साडेबेचाळीस. म्हणजे खड्ड्यासाठी आता साडेतीन सेंटिमीटर. खर्च म्हणाल तर स्प्रे आणि ग्रीसची डबी. आणि तेवढ्यात पुढची काही वर्षं निघतील.

लगेच हुरळून जाऊ नका

पुढच्याच चतुर्थीला आम्ही राजूरला गेलो. त्याच वस्तीजवळचा तोच ब्रेकर. ह्यांनी गाडी हळू केलीच होती, पण 'ठण्ण' झालं नाही. हे म्हणाले, "गाडी काय मऊ झाली गं!" मी म्हटलं, "मऊ नाही, घट्ट झाली." आमच्या गावाला 'जालना सोन्याचा पाळणा' म्हणतात. तो पाळणा मला त्या दिवशी थोडासा तरी भेटला म्हणायचा.

पण ज्या गोष्टी ह्या कड्यानं होत नाहीत त्याही सांगायला हव्यात. शॉकअपमध्ये दोन भाग असतात. स्प्रिंग वजन पेलते, आणि आतलं तेल त्या स्प्रिंगचं नाचणं थांबवतं. कडं फक्त स्प्रिंगचं आहे. सीट जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन शांत झाली तर ठीक. दोन-तीनदा वर-खाली नाचत राहिली किंवा नळीवर तेलाचा ओघळ दिसला, तर शॉकअप संपलाय. मग जोडीच बदलायची, एकच नाही. आणि शॉकअप घरी उघडायच्या फंदात कधीही पडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर बंदुकीच्या गोळीसारखी येते, आणि काही शॉकअपमध्ये वायू दाबून भरलेला असतो. ते काम कारागिराचंच.

सगळ्या गाड्यांना पाचच पायऱ्या नसतात, काहींत कमी असतात. काहींत कडं वरच्या टोकाला असतं. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत ते चित्रासकट दिलेलं असतं. आमची पुस्तिका कपाटात विम्याच्या कागदांखाली होती. मी बी.ए. मराठीवाली, पण कादंबरी वाचावी तशी ती पुस्तिका वाचली. त्यातच कळलं, की मागं कुणी बसणार असेल तर मागच्या टायरमध्ये हवाही जास्त लागते. तो आकडा पुष्कळ गाड्यांच्या साखळीच्या कव्हरवर चिकटवलेला असतो. आमच्या गाडीवरचा आकडा चिखलाखाली होता, कड्यासारखाच.

कडं चढवल्यावर साखळीचा ताण एकदा तपासायचा, आणि रात्री हेडलाइटचा झोत बघायचा. गाडी मागून बसलेली असते तेव्हा झोत वर जातो. समोरच्याच्या डोळ्यांत उजेड आणि आपल्या पुढच्या खड्ड्यावर अंधार. ते आता सुधारतं. उलट एकटं जायचं असेल तर कडं एक-दोन पायऱ्या उतरवायचं, नाहीतर गाडी दगडासारखी कडक लागते. रोज कोण करतंय म्हणाल, तर ज्या घरात रोज मागं कुणीतरी बसतंच, त्यांनी ते मधल्या पायरीवर तरी ठेवावं.

आणि पाचवी पायरी म्हणजे पाच माणसांसाठी नव्हे! आपल्याकडे टाकीवर एक लेकरू, मध्ये एक, मागं बायको, तिच्या मांडीवर एक आणि हँडलला मोसंबीची पिशवी, असं कुटुंब रोज दिसतं. मोटार वाहन कायदा चालवणाऱ्यामागं एकाच माणसाला परवानगी देतो. मागं बसणारीलाही हेल्मेट सांगतो. पकडायला दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं आवरण, म्हणजे आपलं साडीगार्ड, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमातच आहे. म्हणजे मागं बसणारीचा पदर कायदा लिहिणाऱ्यांनाही दिसला होता. आपण मात्र गाडी चांगली दिसावी म्हणून घरी आल्या आल्या साडीगार्ड काढून माळ्यावर टाकतो.

गटाच्या बैठकीत

ह्या सगळ्यानंतर आमच्या गटाच्या मासिक बैठकीत मी विषय काढला. हप्ते झाले, वही झाली, मग म्हटलं, "पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरची गाडी आणि गाडीवाल्यालाही घेऊन यायचं." बायका हसल्या. पण आल्या. कुणी नवऱ्याला आणलं, कुणी मुलाला. समाजमंदिरासमोर गाड्या डबल स्टँडवर लागल्या. एकेक बाई आपल्या घरच्या गाडीमागं बसून चिखल खरवडायला लागली. एक गाडी सोडली तर सगळ्यांची कडी पहिल्या पायरीवर. त्या एका गाडीवर दूधवाला रोज कॅन बांधतो. दुधासाठी कडं चढलं होतं, बायकोसाठी नव्हतं चढलं! ह्यावर जो हशा पिकला, त्यात दूधवालाही सामील झाला, हे त्याचं मोठेपण.

आमची ती मैत्रीणही आली होती. मनगटाचं प्लॅस्टर निघालं होतं, पण गाडीवर बसायचं म्हटलं की तिचे हातपाय गार पडायचे. चार महिने ती माहेरीसुद्धा बसनं गेली. तिचा नवरा गप्प उभा होता. मी त्याच्या हातात हुक पाना दिला. त्याच्याही गाडीचं कडं पहिल्याच पायरीवर होतं.

मी असं मुळीच म्हणत नाही, की कडं वर असतं तर ती पडलीच नसती. ब्रेकरला पट्टे नव्हते, अंधार होता, गाडीला वेग होता, एका बाजूला बसणं होतं, हातात पिशवी होती. अपघाताला एकच कारण नसतं. पण "ती नीट धरून बसली नव्हती" एवढं एकच कारण तर नक्कीच नव्हतं. तेवढं तरी तिला कळावं असं मला वाटत होतं.

कड्याकडं बघत तो बराच वेळ बसला. मग म्हणाला, "ताई, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." त्याचंही खरंच होतं. शोरूममधून गाडी घेताना हार घालतात, पेढे वाटतात, नारळ फोडतात. कडं कुणी दाखवत नाही. त्याचं कडं सुटायला आठवडा लागला, पण त्यानं हातोडी लावली नाही.

नंतर एका संध्याकाळी ती आमच्या दारात आली. गाडीवरून. सलवार-कमीज घालून, दोन्ही बाजूंना पाय टाकून, डोक्यावर हेल्मेट. पिशवी हातात नव्हती, गाडीला अडकवलेली होती. उतरल्यावर तिनं मला काही सांगितलं नाही, नुसतं मागच्या चाकाकडं बोट दाखवलं. नेलपॉलिशची लाल खूण होती, आणि कडं तिच्यापासून तीन पायऱ्या वर.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी घरची गाडी आली आणि थंड झाली, की तिला डबल स्टँडवर लावायला सांगा. एक मग्गा पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन मागच्या चाकाजवळ बसा. चिखल काढा आणि पायऱ्या मोजा. कडं पहिल्या पायरीवर असेल, तर रागावू नका. टूलकिट कुठं आहे तेवढं विचारा.